आडोशाबाहेरची बाई

मुलाचा फोन रविवारी येतो. या वेळी मंगळवारीच आला.

प्रदर्शनासाठी हॉल मिळाला होता. बाबांनी काढलेले एकशे दहा फोटो निवडून झाले होते, चौकटी तयार होत होत्या, आणि शेवटच्या भिंतीवर एकच फोटो मोठा करून लावायचा असं त्यानं ठरवलं होतं. नवरंग पक्ष्याचा. मी काढलेला.

"आई, त्या दिवसाचं कार्ड तुझ्याकडेच आहे ना? मी शनिवारी न्यायला येतो. त्यात व्हिडिओ पण असेल ना? तो दारातच पडद्यावर लावू."

"असेल," मी म्हटलं.

असेल कसला, आहेच. सत्तेचाळीस सेकंदांचा आहे. त्यात नवरंगाची मादी चोचीत गांडुळं धरून घरट्याशी येते, आणि मागून माझा नवरा मला हाक मारतो. मुलाला हे माहीत नाही. बाबा एका क्षणात गेले, हाक मारायलाही त्यांना वेळ मिळाला नाही, असं तो गेले सात महिने धरून चालला आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि मी मान डोलावली. तेव्हापासून मी कुणालाही ताकास तूर लागू दिलेली नाही. आता शनिवारपर्यंत एक तर तो तुकडा पुसून टाकायचा, नाहीतर मुलाला ऐकू द्यायचा. तिसरा रस्ता मला काही सापडला नाही.

पुसणं सोपं होतं. कॅमेऱ्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मी त्यावर पाच-सहा वेळा बोट ठेवलं असेल. पण हा माणूस आयुष्यभर कॅमेऱ्याजवळ तोंडातून ब्र काढत नसे. घरात फोटो हजारोंनी, आणि त्यांचा आवाज तेवढा एकच.

आमचे हे हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. दिवसभर लोकांना "श्वास रोखा... सोडा" सांगायचे आणि सुट्टी मिळाली की जंगलात जाऊन स्वतःचा श्वास रोखून बसायचे. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत मला वाटलं, कुठेतरी समुद्रकाठी फिरायला नेतील. नेलं ते एका दलदलीत. तिथे गुडघाभर चिखलात उभं करून त्यांनी मला पक्ष्यांची गंमत समजावून सांगितली.

गंमत अशी, की पक्ष्यांना मोजता येत नाही. घरट्याजवळच्या कापडी आडोशात एक माणूस शिरलेला दिसला, की पक्षी तासन्‌तास तिकडे फिरकत नाही. पण दोघं आत शिरले आणि त्यातला एक बाहेर पडून चालू लागला, की पक्ष्याच्या लेखी आडोसा रिकामा. पाच-दहा मिनिटांत तो बिनघोर परत येतो. पुस्तकात या आडोशाला लपणगृह म्हणतात. आमच्याकडे तो नुसता आडोसा. मीच शिवलेला, तीनदा फाटलेला आणि तीनदा सांधलेला.

तर तो बाहेर पडून चालू लागणारा एक म्हणजे मी. एकतीस वर्षं. पहाटे यांच्याबरोबर आत शिरायचं, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय रोवायला मदत करायची, आणि मग बाहेर पडून पक्ष्याला नीट दिसेल अशा बेतानं, पाय आपटत निघून जायचं. लोक कौतुकानं विचारायचे, "वहिनी, तुम्हीही पक्षी बघता का?" मी म्हणायची, "नाही, पक्षी मला बघतात." सगळे हसायचे. मला हसू येत नसे.

नियम दोनच होते. आतल्यानं आपणहून बाहेर पडायचं नाही. ठरल्या वेळी बाहेरच्यानं न्यायला यायचं. रिकाम्या आडोशातून माणूस निघालेला पक्ष्यानं पाहिला, की त्याचा विश्वास उडतो आणि तो घरटं टाकतो. दुसरा नियम, जंगलात आवाज करायचा नाही. शिंक आली तर बाहीत. हाक मारायची नाही, काही झालं तरी नाही.

हे दोन्ही नियम मी एकदाच मोडले. मुलगा सहा वर्षांचा होता, मुक्कामाच्या खोलीत तापानं फणफणला होता. मी त्याला मालकिणीच्या हवाली केलं आणि यांना न्यायला पाऊण तास आधीच धावत गेले. लांबूनच हाका मारल्या. पक्षीण अंड्यांवर बसलेली होती. ती उडाली ती परत आली नाही. दोन अंडी गार झाली. मुलाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण हे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. फोटो गेला म्हणून नव्हे, ती दोन अंडी गेली म्हणून. मी कानाला खडा लावला. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मुलाला तर पाठ आहे.

नवरंगाचा तो फोटो निघाला त्या बेटावर आम्ही सहा वेळा गेलो. बोटीनं चार तास, त्यातले तीन मी डोकं धरून बसलेली. किनाऱ्यावर नारळ, मागे खारफुटी, आणि आत घुसलं की इतकं दाट रान, की भर दुपारीही वहीतलं अक्षर दिसत नाही. तिथला नवरंग दुसरीकडे कुठे फारसा दिसत नाही असं हे म्हणायचे. काळं डोकं, हिरवी पाठ, पोटाखाली लाल, आणि शेपटी घरी विसरून आल्यासारखा आखूड. जमिनीवर टुणटुण उड्या मारत चालतो. झाडाच्या मुळाशी सुक्या पानांचा गोळा करतो, तेच त्याचं घरटं. यांना त्याचा एकच फोटो हवा होता, घरट्याच्या तोंडाशी पिल्लाला भरवतानाचा. पाच खेपा वाया गेल्या. कधी पाऊस आडवा आला, कधी साप आधी पोचला, दोनदा तर घरटंच सापडलं नाही.

पाचव्या आणि सहाव्या खेपेच्या मध्ये यांचे डोळे गेले. म्हणजे कडेचं दिसायचं, मधलं गेलं. बघायला जावं तिथे नेमका डाग. डॉक्टरांकडून घरी आलो तेव्हा मला म्हणाले, "सरकार, तुमचं तोंड सोडून बाकी सगळं दिसतंय." मला ते पहिल्यापासून सरकारच म्हणत.

"चला, उशिरा का होईना संसाराचं सोनं झालं," मी म्हटलं.

ते खो खो हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसले. मी दारावर टकटक केली नाही.

महिन्याभरानं त्यांनीच विषय काढला. "या वेळी तू आत बसायचं. मी बाहेर पडतो. वाट काय, कडेनं दिसते तेवढी पुरते मला."

"मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी कशाला आहे?"

मग गच्चीत माझी शाळा सुरू झाली. कावळ्याचे आठशे फोटो काढले तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून "बरा आहे" निघालं. फोटो बघायचे म्हणजे काय, तर मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून, स्वतःच कावळ्यासारखे. मी चिडायची, ते त्याहून चिडायचे. पण खरं सांगते, त्या दोन महिन्यांत आम्ही जितकं बोललो तितकं आधीच्या दहा वर्षांत बोललो नसू.

बेटावर आमची खोली नेहमीचीच. वर पत्रा, खाली दोन लोखंडी खाटा, कोपऱ्यात बेसिन आणि डाग पडलेला आरसा. आरशाचा आता यांना उपयोग नव्हता, दाढी मी करून द्यायची. घरटं नावाड्यानं शोधून ठेवलं होतं. तो जुना माणूस, आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. तीन पिल्लं आहेत असं त्यानं बोटांनी दाखवलं तेव्हा यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही आडोशात शिरलो. यांनी चाचपून तिपाई घट्ट केली, लेन्सवरून हात फिरवला, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दहा वाजता येतो न्यायला. घाई करू नकोस. तो येतोच." आणि बाहेर पडले. फटीतून मी बघत होते. हात झुलवत, पाय आपटत, गाणं न गाता गाणं म्हणत असल्यासारखे चालले होते. मला हसू आवरेना. एवढं नाटक मी एकतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. ते वळणाशी पोचण्याआधीच डावीकडे पान हललं आणि मी यांना विसरले. मीही दरवेळी अशीच विसरली जात असेन, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटायलासुद्धा वेळ नव्हता.

नवरंग आला होता.

लोक रंगांचं बोलतात. रंग मी यांच्या फोटोंत पुष्कळ पाहिले होते. पण तो श्वास घेताना त्याच्या छातीवरची पिसं हलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका पायावर उभा राहून तो ऐकतो, जमिनीखालचं गांडूळ ऐकतो, हेही नाही. थोड्या वेळानं मादी आली. घरट्याच्या भोकातून तीन चोची बाहेर आल्या, आतून केशरी. मी फोटो काढत होते की रडत होते मला आठवत नाही, दोन्ही असेल. ही बाई एवढी वर्षं कशाच्या बाहेर बसली होती, ते मला त्या दीड तासात समजलं, आणि एकीकडे मनस्वी आनंद होत असताना दुसरीकडे यांचा इतका राग आला, की पुढ्यात असते तर भांडले असते.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी व्हिडिओ सुरू केला. वेळ कार्डावर आहे. मादी चोचीत गांडुळांचा झुबका घेऊन मुळावर उभी होती. तेव्हा वाटेकडून आवाज आला.

"सरकार!"

मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "अहो सरकार..."

मी हलले नाही. मादीनं मान वर केली, ऐकलं, आणि पुढे होऊन ती पिल्लांना भरवू लागली. तोच तो फोटो. व्हिडिओ थांबवून मी लगेच बटण दाबलं आणि दाबतच राहिले.

दहा वाजले, हे आले नाहीत. डुलकी लागली असेल म्हटलं. अकरा वाजले, मी मनात त्यांची खरडपट्टी काढायला लागले. बाहेर बसणं म्हणजे काय ते कळलं ना आता, एक दिवस धड जमलं नाही यांना. बारा वाजेपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं आणि तरी मी बसून होते. आडोशातून बाहेर पडेपर्यंत माझ्या लेखी काहीच झालेलं नव्हतं. नवरा-बायको दोघंही पिल्लांना भरवत होती, नेमानं, आळीपाळीनं, आणि मी फोटो काढत होते. त्यानंतरचे सगळे फोटो हललेले आहेत.

पाऊण वाजता कप्तानानं कापड बाजूला केलं. त्यानं नुसता हात पुढे केला.

मी पावलं मोजली. एकशे साठ. हे एका झाडाला टेकून बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले, मोजे घडी करून बुटात घातलेले. घामानं जीव कासावीस झाला की माणूस बूट काढतो, पण क्षणात जाणारा माणूस मोज्यांची घडी करत नाही. कप्तानानं त्या मोज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. मी ते मोजे आणि बूट त्यांच्या पायांत परत घातले. नाड्या बांधल्या. किनाऱ्यावरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मोठा झटका होता आजी, एका क्षणात संपलं असणार. तुम्ही शेजारी असता तरी काही करता आलं नसतं." चांगला होता बिचारा. त्यानं बूट पायांतच पाहिले होते.

शनिवारी मुलगा आला. लॅपटॉप, खांद्यावर बॅग, मला आवडतात म्हणून केळी. जेवायच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून तो बसला. कार्ड मी त्याच्या हातात दिलं. पुसलं काहीच नव्हतं. धैर्य म्हणून नव्हे, तो आवाज माझ्याच्यानं पुसवला नाही.

पहिला फोटो बघून तो पडद्याजवळ सरकला. एक-एक करत पुढे जात राहिला. भरवतानाचा फोटो आला तेव्हा खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"आई, बाबांच्या एकाही फोटोत हे नाहीये."

मला अभिमान वाटला. लाज वाटायला हवी होती, पण आधी अभिमानच वाटला.

"आता व्हिडिओ बघ," मी म्हटलं. "आवाज मोठा कर."

सत्तेचाळीस सेकंद मी टेबलाच्या कडेचा टवका उडालेला होता तिथे बघत होते. त्या दोन हाका खोलीत आल्या आणि गेल्या. मुलानं परत लावलं. मग परत. चौथ्यांदा लावलं तेव्हा त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता.

"बाबांचा आवाज," तो म्हणाला. "मला आठवतच नव्हता गं. रोज आठवायचा प्रयत्न करायचो." मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं कोपऱ्यातली वेळ वाचली. "आठ दहा. म्हणजे... तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

माझा मुलगा शहाणा आहे, आणि त्याच्या बापापेक्षा मऊ आहे. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली, माझा हात हातात घेतला.

"आई, ऐक. तू नियम पाळलास. उठली असतीस तर ती तीन पिल्लं गेली असती, आणि बाबांना ते सहन झालं नसतं. त्या दोन अंड्यांवरून चार दिवस बोलले नव्हते ते. तू त्यांचंच ऐकलंस. आणि डॉक्टर म्हणालेच होते ना, काही करता आलं नसतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

सगळं तयार होतं. इस्त्री करून माझ्यासमोर ठेवलं होतं, नुसतं अंगावर चढवायचं. सात महिने मी रात्रंदिवस स्वतःला हेच सांगत आले होते, अगदी याच शब्दांत. पण त्याच्या तोंडून ऐकताना मला ते सहन होईना. तो माझ्यासाठी इतकं चांगलं खोटं बोलत होता आणि त्याला ते खोटं आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

"नियम माझ्या डोक्यातही आला नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जंगलात ते कधी, कधीच ओरडले नव्हते. पहिल्या हाकेलाच मला कळलं की काहीतरी झालंय. पण ती मादी समोर होती. भरवणार होती. मला बघायचं होतं रे. मला वाटलं, थांबू देत एक मिनिट. एकतीस वर्षं मी थांबले, यांनी एक मिनिट थांबावं."

त्यानं माझा हात सोडला नव्हता.

"मग दुसरी हाक आली, हळू. आणि मग हाक आलीच नाही. आणि मला..." इथपर्यंत आले होते, आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला बरं वाटलं. म्हटलं, सुटले. आता उठायला नको."

"बरं वाटलं?"

"हो."

त्यानं हात काढून घेतला. झटकला नाही, अलगद काढला, झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून काढावा तसा. उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तो ते बघत असावा. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

मी त्याला हाक मारली, लहानपणी मारायची त्या नावानं. त्याला ऐकू आलं. खांदे हलले त्याचे, मी पाहिलं. पण तो वळला नाही. मी पुन्हा हाक मारली नाही. टेबलाशी बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिले.